शोधल्यावर पान २ दाबलं की सगळी यादीच येऊन राहिली

पऱ्हाटी:
तालुक्याच्या बाजारभावाची साइट आहे, साधं पीएचपी अन् मायएसक्यूएल. 'तूर' शोधलं की पहिल्या पानावर तुरीचेच भाव येतात, खाली पानं ८. पण '२' दाबलं की हरभरा, सोयाबीन, कापूस सगळंच येऊन राहिलं, अन् पानं होतात ६१. काहून? एका पानावर २० ओळी आहेत, फॉर्म पोस्टनं जातो. लिंक अशी छापली जाते: सर्च.पीएचपी?पेज=२

खारपाणपट्टा:
भाऊ, या लिंकमध्ये 'तूर' कुठाय? पोस्टनं पाठवलेला शब्द त्या एका विनंतीपुरताच असतो. लिंक दाबली की नवी गेट विनंती (जिच्यात माहिती पत्त्यातच असते) जाते अन् सर्व्हरच्या हाती फक्त पेज=२ पडतं. शोधशब्द रिकामा, म्हणून अट लागत नाही.

फॉर्मची मेथड गेट करा, शब्द $_गेट मधून वाचा. लिंक हातानं जोडू नका. $_गेट ची नक्कल घ्या, तिच्यात पेजचा आकडा बदला, एचटीटीपी_बिल्ड_क्वेरी मधून काढा (ते पत्त्यातला ? नंतरचा भाग एन्कोड करून, म्हणजे अक्षरांचे %-संकेत करून, जोडते), छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स लावा. उद्या तारखेचा किंवा बाजार समितीचा फिल्टर टाकला तरी तो लिंकसोबत आपोआप जाईल.

हातानं जोडलेली लिंक 'तूर'साठी बहुतेकदा चालून जाते, तिथंच माणूस फसतो. कोणी 'लाल & पांढरी तूर' शोधलं की & पाशी शब्द तुटतो, उरतं फक्त 'लाल'. एन्कोड झाल्यावर 'तूर' २७ अक्षरांची माळ दिसेल: तीन चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, दर बाइटला टक्क्यासकट तीन अक्षरं. ते बरोबरच आहे. माळेत जागोजागी %२५ दिसलं तर मात्र दोनदा एन्कोड होऊन राहिलं. कुठंतरी यूआरएलएनकोड जास्तीचं लागलंय.

संत्राबर्फी:
वरचं झालं की क्रमाकडे पाहा. क्वेरीतला ऑर्डर बाय (ओळींचा क्रम) फक्त तारखेवर असेल तर एका दिवसाच्या साऱ्या ओळी सारख्याच ठरतात, अन् लिमिट (एका वेळी किती ओळी) लावल्यावर त्यांचा आपसातला क्रम दर क्वेरीला तोच राहील याची मायएसक्यूएल हमी देत नाही. मग एखादी ओळ पान २ वरही दिसते अन् ३ वरही, दुसरी कुठंच नाही. तारखेनंतर आयडी (दर ओळीचा वेगळा क्रमांक) जोडा, प्रश्न मिटला. ही चूक लिंकची समजून लोक उगाच लिंक उकरत बसतात.

ऑफसेट, म्हणजे आधीच्या किती ओळी सोडायच्या, तो (पेज − १) × २०. पेज आधी पूर्णांक करा अन् १ च्या खाली जाऊ देऊ नका; पेज=० आलं की ऑफसेट उणे २० होतो अन् क्वेरीच मोडते. पानं मोजताना सील (भागाकार वरच्या पूर्णांकात नेणारं) वापरा. १४३ ओळींना इंटडिव (उरलेलं सोडून देणारा भागाकार) लावलं तर ७ पानं येतात अन् शेवटच्या ३ ओळी कोणालाच दिसत नाहीत.

अन् ६१ आकडे एका रांगेत छापू नका बाप्पा, मोबाइलवर बोट भलत्यावरच पडते. चालू पानाच्या अल्याड-पल्याड दोन-दोन, शिवाय पहिलं अन् शेवटचं, बस.

पऱ्हाटी:
गेट केलं, बिल्ड क्वेरी लावली, तूर बरोबर चालून राहिली. पण पान ७ वर असताना 'जवस' शोधलं तर कोरं पान. जवसाच्या ओळी फक्त ३१ आहेत.

खारपाणपट्टा:
फॉर्ममध्ये पेजचं छुपं इनपुट आहे, ते काढा. गेट फॉर्मच्या ॲक्शनमधली जुनी क्वेरी ब्राउझर टाकूनच देतो, त्यामुळं ७ त्या छुप्या इनपुटमधूनच जाऊन राहिला. शिवाय पेज एकूण पानांपेक्षा मोठं आलं तर शेवटच्या पानावर आणा. जुनी लिंक व्हॉट्सॲपवर फिरत असली तरी कोरं दिसणार नाही.