विरोधी टीमचा प्लेअर जखमी झाला की टाळ्या?

पेठेतला_पोरगा: काल कोल्हापुरात शाहू स्टेडियमला फुटबॉल मॅच बघायला गेल्तो, समोरच्या तालमीच्या टीमचा स्ट्रायकर गुडघा धरून पडला आणि आमच्याच गॅलरीत शिट्ट्या सुरू, खरं सांगतो मलाबी आधी बरं वाटलं कारण दोन गोल त्यानंच मारलेले, पण स्ट्रेचर आलं तसं पोटात कालवलं. तुम्हाला काय वाटतं रे?

डावा_बॅक: भावा मी खेळलोय, माझं एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेलं तेव्हा ऑपरेशन धरून नऊ-दहा महिने मैदान बंद. आपली पोरं कामधंदा सांभाळून खेळत्यात, पाय गेला की घरचा पगारबी अडकतोय. त्या दिवशी समोरच्या पेठेतली चार पोरं दवाखान्यात आल्ती, ते अजून विसरलो न्हाई.

गॅलरी_नं_१: शिट्ट्या चूकच. पण काहीजण मुद्दाम पडून टाइम काढत्यात, त्यामुळं पब्लिक आधीच चिडलेलं असतंय हे पण बघा की.

डावा_बॅक: ते रेफ्री बघंल, त्याच्याकडं कार्ड हाय. उठंपर्यंत आपण गप बसायचं.

पेठेतला_पोरगा: पटलं. उद्या त्याच्या तालमीत जाऊन विचारपूस करून येतो.