मदत हवी आहे: दुसरं डीएसपी कार्ड बसवलं, पण मशीनला ते दिसतच नाही

माडीवरचा स्टुडिओ

नमस्कार मंडळी. बेळगावच्या टिळकवाडीत घराच्या माडीवर माझं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक भजनी मंडळं. एकाच बैठकीत चार मराठी अभंग होतात आणि उठता उठता दोन कन्नड वचनं. गणपतीच्या आधी मंडळांची गाणी येतात, ती वेगळीच.

मशीनमध्ये पाच वर्षांपासून यूएडी-२ ड्युओ हे डीएसपी कार्ड आहे, म्हणजे प्लगिनचं (आवाजावर काम करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) ओझं उचलणारं कार्ड. त्यात दोन शार्क चिप. पूर्वी पुरायचं. आता पखवाज दोन माइकवर, पेटी, वीणा, टाळ, मुख्य आवाज आणि मागचे सहा टाळकरी असं सगळं घेतलं की अर्ध्या ट्रॅकवर प्लगिन लावेपर्यंत डीएसपीच्या भाराचा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून पुण्यातल्या एकाकडून वापरलेलं क्वाड कार्ड घेतलं. त्यात चार चिप.

काल रात्री बसवलं. वरच्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड, मधल्या छोट्यात जुनं ड्युओ आणि अगदी तळाच्या लांब स्लॉटमध्ये नवीन क्वाड. मशीन नीट चालू झालं, विंडोजही आलं. पण यूएडीच्या कंट्रोल पॅनलमध्ये एकच कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्हसुद्धा नाही, जणू तिथं काही बसवलेलंच नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला, तरी तेच. त्यात मध्येच करंट गेला आणि यूपीएस ओरडायला लागला. घरातली सगळी जागी झाली, ते सांगत नाही.

कार्ड मेलेलं आलंय का? दोन कार्डांना पॉवर सप्लाय कमी पडतोय का? आणि हे कार्ड एक्स १ चं (छोट्या स्लॉटचं) आहे, ते लांब स्लॉटमध्ये लावलं म्हणून तर नाही ना? रविवारी सुळेभावीकडचं एक मंडळ येणार आहे. कुमार गंधर्वांच्या गावचे म्हटल्यावर कान तिखट असणारच.

निपाणीकर

लांब स्लॉटचं टेन्शन सोडा. एक्स १ चं कार्ड एक्स १६ मध्ये बिनदिक्कत चालतं. पॉवरचंही नसणार, ही कार्डं स्लॉटमधूनच करंट घेतात, वेगळी वायर लागत नाही.

आधी कार्ड काढा आणि खालच्या सोनेरी दातांवर पोराचा पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा. मग रबराचा चुरा ब्रशनं झाडून टाका. आपल्याकडच्या पावसात त्या दातांवर कसला तरी चिकट थर बसतो. माझं साउंड कार्ड दर श्रावणात रुसतं आणि खोडरबरानं मानतं. पण आधी मेन स्विच बंद करून प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच कार्डाला लावा.

माडीवरचा स्टुडिओ

खोडरबर झाला. दात चकाचक, पण कार्ड काही दिसेना.

कान_कोल्हापुरी

भावा, एकदम दोन्ही कार्डांशी झोंबू नकोस. ड्युओ बाहेर काढ आणि त्याच्याच जागेवर एकटं क्वाड लाव. दिसलं तर कार्ड ठणठणीत. मग ड्युओ तळाच्या स्लॉटमध्ये लाव. तेही गायब झालं तर दोष स्लॉटचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्यात पुण्यावाल्याला शिव्या द्यायच्या की नाही तेही कळेल.

माडीवरचा स्टुडिओ

केलं. क्वाड मधल्या स्लॉटमध्ये लगेच दिसलं, चारही चिप हिरव्या. ड्युओ तळाला लावल्यावर ड्युओ गायब. म्हणजे पुण्यावाला सुटला, स्लॉट मेला. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे बजेटच कोसळलं की हो.

पेटीमास्तर

थांबा, स्लॉट मेला म्हणून रडू नका. बोर्डावर किती एम.२ ड्राइव्ह (थेट बोर्डावर बसणारे छोटे एसएसडी) लावलेत? दोन असतील तर मॅन्युअल उघडा आणि स्लॉटच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.२ आणि तळाच्या स्लॉटला त्याच लेन (डेटाच्या वाटा) वाटून दिलेल्या असतात. एम.२ मध्ये ड्राइव्ह लावला की तो स्लॉट बंद. एरर नाही, पिवळं चिन्ह नाही, काहीच नाही. तुमचं लक्षण अगदी तेच आहे.

माडीवरचा स्टुडिओ

मास्तर, पाया पडतो. गेल्या दिवाळीत सॅम्पलसाठी दुसरा एम.२ लावला होता. मॅन्युअलच्या तक्त्याखाली चांदणीची खूण, आणि त्या खुणेपुढं मुंगीएवढ्या अक्षरात तुम्ही म्हणता तेच लिहिलंय. भिंग घेऊन वाचलं.

पण तो ड्राइव्ह काढू कुठं? तानपुऱ्याची आणि तबल्याची सगळी लायब्ररी त्यावर आहे. छोटा स्लॉट आणखी एक आहे, पण जाडजूड ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली गाडला गेलाय.

कान_कोल्हापुरी

ग्राफिक्स कार्ड कशाला हवंय तुला? अभंग मिक्स करतोस की गेम खेळतोस?

माडीवरचा स्टुडिओ

भाच्याचं आहे. तो बेंगळुरूला शिकायला गेला तेव्हा सोडून गेला.

पेटीमास्तर

मग तेच काढा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे का ते आधी बघा, सगळ्यांत नसतं. असेल तर मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावायची आणि क्वाड सरळ वरच्या लांब स्लॉटमध्ये. एम.२ ला हातसुद्धा लावायचा नाही. पंख्याचा आवाज जाईल तो वेगळाच फायदा, तुमचं मशीन त्याच खोलीत आहे ना?

स्पीडची चिंता करू नका. ४८ किलोहर्ट्झचा ३२ बिटचा एक ट्रॅक सेकंदाला २०० किलोबाइटसुद्धा घेत नाही, आणि पहिल्या पिढीची एक लेन एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट नेते. अख्खी दिंडी रेकॉर्ड केली तरी रस्ता मोकळाच राहील.

निपाणीकर

एक आगाऊ सूचना. दोन कार्डं म्हणजे सहा चिपची बेरीज होते, पण एक प्लगिन एकाच चिपवर मावावं लागतं, दोन चिपांत अर्धं अर्धं वाटून चालत नाही. त्यामुळे आकडा शंभरच्या आत दिसत असतानाही एखादं जड प्लगिन "जागा नाही" म्हणू शकतं. तेव्हा घाबरू नका. आणि गाताना कानात आवाज उशिरा येत असेल तर तो दुसऱ्या कार्डानं कमी होणार नाही, त्याला बफरच (मशीन आवाज किती साठवून मग पुढं पाठवतं ते) बघावा लागेल.

माडीवरचा स्टुडिओ

झालं! भाच्याचं कार्ड फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. वर क्वाड, मध्ये ड्युओ, सहाच्या सहा चिप समोर. खोली इतकी शांत झालीय की मांजर जिन्यावरून येतंय ते ऐकू येतं.

पण आता नवीनच. क्वाड दिसतंय, तरी माझी विकत घेतलेली प्लगिनं नीट चालेनात, परवान्याचा काहीतरी संदेश येतोय.

पेटीमास्तर

क्वाड अजून जुन्या मालकाच्या खात्यावर असेल. एका मशीनमधली सगळी कार्डं एकाच खात्यावर नोंदवलेली लागतात. तशी झाली की तुमची प्लगिनं दोन्हींवर चालतात, परत पैसे पडत नाहीत. मात्र मालकी बदलायची सुरुवात विकणाऱ्यानंच करायची असते. आत्ताच फोन करा, रविवारी सकाळी नको.

माडीवरचा स्टुडिओ

फोन केला. आज रात्री अर्ज करतो म्हणाला, आवाजावरून भला माणूस वाटला. तोवर क्वाड काढून ठेवलंय आणि रविवारचं मंडळ ड्युओवरच घेणार. टाळांचे ट्रॅक आधी फ्रीज करून (प्लगिनसकट पक्के करून) टाकतो, म्हणजे डीएसपी मोकळा राहील. मास्तर, तुम्ही बेळगावात कुठं असता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुंदा पोचवायचाय.