ओवेनचं घर, बालकवींचं घर आणि खारी माती

एरंडोलकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, "पहिल्या महायुद्धातला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन, त्याच्या इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावातल्या जन्मघराचं संग्रहालय कशाला? कवी पुस्तकात असतो, भिंतीत नाही." वाचून झोप लागली नाही. ४ नोव्हेंबर १९१८ ला फ्रान्समधल्या कालव्यावर हा पोरगा पडला, वय २५. तार घरी पोचली ११ तारखेला, युद्ध थांबलं त्या दिवशी. त्याच वर्षी ५ मे रोजी आपले बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय २७. ही माणसं कुठल्या अंगणात रांगली ते पोरांना दाखवावंसं वाटणं हा गुन्हा आहे?

तापीकाठ: लिहिणारा मीच, आणि मागे घेणार नाही. १८९७ साली ओवेनचे आजोबा वारले, ते जन्मघर विकलं. तो तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. शेवटचं पत्र त्याने फ्रान्समधल्या ओर्स गावाच्या वनरक्षकाच्या घरातून लिहिलं. ते घर २०११ पासून स्मारक आहे, तेवढं पुरे. बालकवींचे वडील पोलिसात, बदलीगणिक गाव. कुठलं घर जपणार?

असोद्याची लेक: आणि बहिणाबाई? त्यांचं नाव कोणालाच आठवलं नाही! त्यांना लिहिता येत नव्हतं. पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर. तोवर ती कविता जात्यापाशी, शेतात, ओट्यावरच होती. मग "कवी पुस्तकात" हे कसं?

सात खण: जपा म्हणणं सोपं आहे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरावर दर पावसाळ्याआधी खारी माती टाकावी लागते, नाहीतर गळतं. आमचं सात खणांचं (खण म्हणजे दोन तुळयांमधला भाग) घर भाऊबंदकीत पाच वर्षं कुलपात होतं. एका श्रावणात मधला खण बसला. सागाचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ट्रकभर नेले. आजीचा झोपाळा ज्या कडीला होता, तीही गेली. नुसता फलक लावून घर टिकत नाही, आत माणूस लागतो.

तापीकाठ: स्वतःचं घर पाडून घेतलंत आणि आम्हाला शिकवता?

सात खण: तोंड सांभाळा. वडील अंथरुणाला होते तेव्हा.

एरंडोलकर: भाऊ, हे बोलायला नको होतं.

तापीकाठ: वडिलांचं माहीत नव्हतं. चुकलो. आणि बहिणाबाईंचं मान्य, तिथे घर हवंच. ओवेनचं अजूनही नाही.

असोद्याची लेक: एवढं तरी मानलंत.

सात खण: कोणाच्या गावात खारी माती टाकणारा उरलाय का? काकांचे दोन खण अजून उभे आहेत. मृग जवळ आलाय.