टोर्नेडोचं चांगलं चित्रण सुचवा (पार्श्वसंगीत नको!)

गारांचा_पाऊस
मंडळी, जरा मदत करा. भाचा नववीत आहे, सुट्टीला आलाय आणि सध्या त्याच्या डोक्यात टोर्नेडो सोडून दुसरं काही नाही. टीव्हीवर यूट्यूब लावलं की ‘जगातले दहा महाभयंकर’ छापाचे तुकडे येतात. वर ढणढण संगीत, आणि निम्मी दृश्यं कॉम्प्युटरवर केलेली. मला न कापलेलं, मूळ आवाजासकटचं काहीतरी हवंय. फिरणाऱ्या हवेचा खांब ढगातून उतरताना आणि विरताना, दोन्ही दिसलं पाहिजे. माणसांचे हाल दाखवणारं नको, त्याची आई मला घरात घेणार नाही.
तुमचं आवडतं कुठलं आणि का, तेही लिहा.

कॅन्ससची_सून
आमच्या विचिटाला (अमेरिकेतलं कॅन्सस राज्य) लागून अँडोव्हर आहे. तिथलं २९ एप्रिल २०२२चं ड्रोनचित्रण बघा, टोर्नेडोंचा पाठलाग करणाऱ्या रीड टिमरचं. ईएफ-३ होता (नुकसानीवरून जोर ठरवायची ० ते ५ अशी मोजपट्टी, ५ सगळ्यांत जोरदार). ड्रोन वरून बघतोय, त्यामुळे एरवी फक्त काळा खांब दिसतो तिथे इथे पाया दिसतो: जमिनीलगत बारीक बारीक भोवरे फिरतायत आणि एकेक घर त्यांच्या वाटेत येतंय. एका घराचं छप्पर जातं, शेजारच्याची फक्त कौलं निघतात. दोन घरांत अंतर किती, तर मधे एक कुंपण. त्या टोर्नेडोत थेट कोणी दगावलं नाही, म्हणून भाच्याला दाखवायला हरकत नाही.

गारांचा_पाऊस
ताई, बघितलं. आता प्रश्न असा आलाय की घरं अशी पत्त्यांसारखी उडतात कशी? विटा नसतात का?

कॅन्ससची_सून
इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. वीट असली तरी बाहेरून लावलेला एक थर, भार सगळा लाकडावर. त्यात गॅरेजचं भलंमोठं दार आधी आत दबतं. वारा घरात शिरला की खालून छप्पर ढकलतो, वरून वारा ते ओढतोच आहे. छप्पर गेलं की भिंतींना धरायला काही उरत नाही. म्हणून भोंगा वाजला की आम्ही तळघरात. तळघर नसेल तर खालच्या मजल्यावर, मधोमध, बिनखिडकीच्या खोलीत. बहुतेक वेळा ते बाथरूमच असतं.

पर्जन्यवेडा
धागा उशिरा पाहिला. माझी शिफारस क्रमाने देतो, कारण क्रम चुकला तर मजा जाते.

आधी कॅम्पो, कोलोरॅडो, ३१ मे २०१०. मोकळं माळरान, टोर्नेडो जवळपास जागच्या जागी उभा, आसपास वस्ती नाही. चेसर लोकांनी, म्हणजे वादळांचा पाठलाग करणाऱ्यांनी, निवांत उभं राहून टिपलाय. शाळेच्या पुस्तकातली आकृती जिवंत झाली तर अशीच दिसेल. फिरणं डोळ्यांनी शिकायचं ते इथे.

मग इलाय, कॅनडा, २२ जून २००७. विनिपेगच्या पश्चिमेला छोटंसं गाव. माझं सगळ्यांत आवडतं हेच. खांब बारीक, दोरीसारखा, वळवळणारा. बघताना वाटतं आता संपलाच. आणि तेवढ्यात एक अख्खं घर जमिनीवरून उचललं जातं, हवेत फिरतं आणि चुरा होतो. आधी एफ-४ (एफ म्हणजे ईएफच्या आधीची मोजपट्टी) धरलं होतं, मग चित्रणं तपासून एफ-५ केलं. कॅनडातला अधिकृत एफ-५ हा एकच, आणि कोणीही मेलं नाही. जाडीवरून जोर ओळखता येत नाही, हे मी कितीही लिहिलं तरी पटायचं नाही, ते घर बघितलं की पटतं.

तिसरं मिनियापोलिस, १८ जुलै १९८६. वाहिनीचं हेलिकॉप्टर भलत्याच बातमीला निघालं होतं, वाटेत हा दिसला आणि त्यांनी थेट प्रक्षेपण सुरू केलं. चित्र जुनं, धुरकट आहे. पण उद्यानातली झाडं भोवऱ्यात ओढली जाताना वरून दिसतात, आणि ड्रोन येईपर्यंत असा कोन फार कमी मिळाला.

दादरचा_म्हातारा
तुम्हा सगळ्यांना ‘आवडतं’ म्हणवतं कसं? लोकांचे संसार जातायत तिथे.

पर्जन्यवेडा
काका, म्हणूनच एल रेनो मी यादीत घातलं नाही. ३१ मे २०१३, ओक्लाहोमा. रुंदी ४.२ किलोमीटर, नोंदलेला सगळ्यांत रुंद टोर्नेडो. इतका रुंद आणि पावसात असा गुरफटलेला की समोर नुसता काळोख दिसतो, कडा कुठे आहे कळत नाही. तो अचानक ईशान्येकडे वळला आणि वेगही वाढला. त्यात टिम सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. हे उनाड लोक नव्हते. सामारास टोर्नेडोच्या वाटेत मोजणीची यंत्रं ठेवायचे. २००३ साली साउथ डकोटातल्या मँचेस्टरला त्यांच्या यंत्राने हवेच्या दाबात १०० मिलिबारची घट नोंदवली होती.
पण त्या दिवशीची चेसरांची चित्रणं संशोधकांनी नंतर गोळा केली. विजेचा एकच लखलखाट वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत शोधून त्यांच्या वेळा जुळवल्या. त्यातून टोर्नेडो कसा वाढला याचा बारीक अभ्यास झाला. बघण्याला एवढा तरी उपयोग आहे.

दादरचा_म्हातारा
हे ठाऊक नव्हतं. तरी त्या जवळ जाणाऱ्या पोरांचं मला पटत नाही.

कॅन्ससची_सून
काका, इथेही पटत नाही. चांगला दिवस असला की मातीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, आणि पाऊस पडला की ती माती नुसती साबण.

आणि एक चित्रण दाखवणार असाल तर सांगून दाखवा. २६ एप्रिल १९९१, कॅन्ससचा टर्नपाइक (टोलचा महामार्ग), वाहिनीचे लोक पुलाखाली गर्डरच्या बेचक्यात चढून बसतात आणि वाचतात. ते जगभर फिरलं, आणि पूल म्हणजे आसरा असा लोकांचा समज झाला. ३ मे १९९९ला ओक्लाहोमात लोक पुलांखाली थांबले आणि त्यांतले काही गेले. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो, उंच चढाल तितका जास्त, आणि उडून येणारे पत्रे-फळ्या अंगावर. १९९१चे लोक वाचले कारण टोर्नेडोचा मुख्य मारा त्यांच्यावर आला नाही, शिवाय त्या पुलाची बांधणीही नेहमीची नव्हती.

निशाचर७
खोटं कसं ओळखायचं यावर कोणी बोललं नाही. उचलेगिरी करणारे चित्रण आरशासारखं उलटं करून टाकतात, पकडलं जाऊ नये म्हणून. उत्तर गोलार्धात बहुतेक टोर्नेडो वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. फिरणं घड्याळासारखं दिसलं की आधी पाट्यांवरची अक्षरं आणि गाड्यांचे नंबर बघा. अक्षरं सरळ असतील तर मात्र दुर्मीळ माल हाती लागला. एल रेनोच्या दिवशी मोठ्याच्या जोडीला असा एक उलटा फिरणारा होता.

गारांचा_पाऊस
सगळ्यांना धन्यवाद. कॅम्पो आणि इलाय झालं. भाच्याने इलायचं घर परत परत मागे नेऊन पाहिलं. त्याचा प्रश्न: चित्रात बघून तो आपल्याकडे येतोय की लांब जातोय, हे कसं कळतं?

पर्जन्यवेडा
एखाद्या विजेच्या खांबाशी किंवा झाडाशी ताडून बघायला सांगा. डावी-उजवीकडे सरकतोय म्हणजे बाजूने चाललाय. सरकत नाही आणि मोठा होत चाललाय, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे. यानंतर पिल्गर, नेब्रास्का, १६ जून २०१४ लावा. ईएफ-४चे दोन शेजारी शेजारी आहेत, त्यातला कुठला कुठे चाललाय ते त्यालाच ओळखू दे. तिथे जीवितहानी झाली होती, पण लांबून घेतलेल्या चित्रणात फक्त शेतं आणि आभाळ आहे. त्याच्या आईला चालेल.