विली लोमनची दया यायला हवी का? मला तर रागच येतोय

तिसरी घंटा:
आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' काल रात्री संपवलं. १९४९ चं नाटक, पुलित्झर वगैरे मिळालेलं, पण मला त्यातल्या फिरत्या विक्रेत्याची, विलीची दया येतच नाहीये. घरात बायको लिंडा फाटके स्टॉकिंग्ज शिवत बसलीय, हा बोस्टनच्या लफड्यातल्या बाईला नवेकोरे देऊन आलाय आणि वर लिंडावरच खेकसतो की माझ्यासमोर शिवायचे नाहीत! शेजारचा बर्नार्ड बिचारा सांगतोय की यांचा मुलगा बिफ गणितात गचकणार, तर यांना त्याचीच कटकट. अशा माणसासाठी रडायचं?

खुर्ची क्र. १३:
विलीचा मालक हॉवर्डच्या ऑफिसातला सीन परत वाच गं. ६३ वर्षांचा माणूस, ३४ वर्षं त्याच कंपनीत, आठवड्याला ६५ डॉलर पगार मागतो मग ५० मग ४० वर येतो आणि तो हॉवर्ड आधी नवीन वायर रेकॉर्डरवर स्वतःच्या पोराचा आवाज ऐकवत बसलाय, पोरगं राजधान्यांची नावं घडाघडा म्हणतंय. नंतर विली एकटा असताना ते यंत्र चुकून सुरू होतं आणि याला बंदच करता येत नाही, घाबरून ओरडतो. मी तिथे पुस्तक मिटलं होतं.

बिनसाखरेचा:
हो पण शेजारी चार्ली नोकरी देत होता ना? ती नको, आणि त्याच्याकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने घेऊन घरी पगार म्हणून द्यायचे. माज आहे हा.
तरी एक सांगतो, माझे बाबा एमआर होते, औषध कंपनीचे विक्री प्रतिनिधी. टार्गेट हुकलं की घरी चकार शब्द नाही, उलट त्याच महिन्यात हमखास पेढे यायचे. आईला कळायचं, ती पण खायची. त्यामुळे विलीला शिव्या घालताना माझी जीभ जरा अडते.

तिसरी घंटा:
पेढ्यांचं वाचून गप्प झाले. पण शेवट नाही पटत अजून. बिफ रडून रडून सांगतोय की मी काही ग्रेट नाही, सोडा मला, आणि या माणसाला त्यातलं ऐकू काय येतं तर पोराचं माझ्यावर प्रेम आहे! की निघाला गाडी काढून जीव द्यायला, २०,००० डॉलरच्या विम्यासाठी. आणि लिंडा थडग्यापाशी म्हणते आज घराचा शेवटचा हप्ता भरला. घरात राहायला कोण उरलंय?

खुर्ची क्र. १३:
डस्टिन हॉफमनचा १९८५ चा सिनेमा बघ, मग बोलू.