नेवार्क–लंडन–मुंबई–नागपूर : लायटर कसे आणायचे?

नागपुरी_संत्रं
भाऊ अमेरिकेतल्या नेवार्कहून लंडनमार्गे मुंबईला आणि पुढे विमानानेच नागपूरला येतोय. वापरातला एक भरलेला झिप्पो (द्रव इंधन भरायचा धातूचा लायटर), भेट द्यायला एक नवाकोरा झिप्पो आणि सिगारसाठी जेट फ्लेमचा, म्हणजे जोरदार झोतासारख्या ज्योतीचा लायटर. तिन्ही चेक-इन बॅगेत टाकले तर चालतील का?

खिडकीजवळचा
जेट फ्लेमचा तिथेच सोडा. अमेरिकेत तो केबिनमध्येही चालत नाही, चेक-इनमध्येही नाही.

भरलेला झिप्पो अंगावर ठेवायचा, माणशी एकच. सामानकक्षात बॅगेतला लायटर गळला किंवा पेटला तर कोणाला पत्ता लागणार? खिशात असला की लगेच वास येतो. झिप्पोला परवानगी आहे ती त्यातलं इंधन कापसात मुरलेलं असतं म्हणून. तरी त्या दिवशी काठोकाठ भरू नका. विमानात हवेचा दाब कमी होतो, मग तो पाझरतो आणि मांडीची आग होते. इंधनाचा डबा, ब्युटेन गॅसचं रिफिल कुठेच चालत नाही.

लंडनला पुन्हा तपासणी होते. तिथे लायटर पारदर्शक झिपच्या पिशवीत घालून दाखवायचा आणि पुढे अंगावरच ठेवायचा. तपासणी झाल्यावर हँडबॅगेत टाकायचा नाही.

बेल्ट_नंबर_चार
वरचं सगळं मुंबईपर्यंतच. खरी गोची त्यापुढे आहे. टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरी कस्टम्ससाठी बॅग मुंबईत ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि तिथून भारतातले नियम लागू. लायटर काय, काडेपेटीसुद्धा खिशात, केबिनमध्ये, चेक-इनमध्ये, कुठेच नाही. खिशातला काढून घेतात, परत मिळत नाही. चेक-इनमधला एक्स-रेत दिसला की बॅग थांबते, उघडायला बोलावतात. प्रवासी वेळेत सापडला नाही तर बॅग मागेच राहते. लायटरपायी कपडे दुसऱ्या दिवशी!

नागपुरी_संत्रं
पण नवा झिप्पो रिकामाच असतो ना?

बेल्ट_नंबर_चार
हो, कारखान्यातून इंधनाशिवायच येतो. त्यामुळे अमेरिकेतून चेक-इनमध्ये चालतो. मात्र वापरलेला झिप्पो रिकामा केला म्हणून तो नवा ठरत नाही, कापसात वाफ राहतेच. मुंबईच्या एक्स-रेत तर फक्त लायटरचा आकार दिसतो. आत इंधन आहे की नाही, ते कसं कळणार? शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. म्हणून मुंबईत घ्यायला कोणी येणार असेल तर कस्टम्समधून बाहेर पडल्यावर, नागपूरची बॅग देण्याआधी, दोन्ही त्यांच्याकडे देऊन टाका.

खिडकीजवळचा
आणखी एक. केबिन बॅग गेटवर काढून घेऊन खाली सामानात टाकली जाते कधी कधी. त्यात लायटर असेल तर बॅग देण्याआधी आठवणीने काढा. आणि तिकीट काढलेल्या विमान कंपनीचं पान आधी वाचा, काहींचे नियम याहून कडक असतात.