विषय: बाळाचं नाव 'रोअन', मुलीला चालेल ना?

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आमच्याकडे बाळ येणार आहे. नवऱ्याचं घराणं मूळचं आयर्लंडमधल्या टिपररीचं. मुलगा होवो की मुलगी, नाव 'रोअन' ठेवावं असं सासूबाईंच्या फार मनात आहे. पुण्याहून आई म्हणते, "मग रोहनच ठेवा की, एकच तर आहे!" खरंच एकच आहे का? आणि मुलगी झाली तर?

---

अभिनंदन, पोरी!

नावं कानाला सारखी लागली तरी कुळं वेगळी आहेत. रोहन 'रुह्' धातूचा, म्हणजे चढणारा, वाढणारा. रोअनचं मूळ आयरिश रूप 'रूआन'. त्यातलं 'रुआ' म्हणजे तांबडा, आणि शेवटचा 'आन' लाडाचा, आपल्या 'सोनुला'तल्या 'उला'सारखा. हा 'रुआ' आणि संस्कृतातले 'रोहित', 'रुधिर' हे शब्द एकाच प्राचीन मुळातून फुटलेले. म्हणजे रोअनचा खरा भाऊ रोहित! सासूबाईंनाही सांग, सहाव्या शतकात संत रूआन यांनी मठ उभारला तो टिपररीतल्याच लोरा गावी.

मुलगी झाली तर आपल्याकडे रोहिणी आहेच. तीही मूळ अर्थाने तांबडीच. आकाशात रोहिणीचा तारा बघ, लालसर दिसतो.

तुझा काका

---

काकांच्या पत्राला माझी, म्हणजे काकूची, पुरवणी. 'रोअन' नावाचं एक झाडही आहे, लालभडक फळांच्या घोसांचं. दृष्ट लागू नये, भुतंखेतं येऊ नयेत म्हणून आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ते घराजवळ लावत. झाडाचं इंग्रजी नाव मात्र नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आलेलं आहे.

मुलीची काळजी करू नकोस. अमेरिकेत हे नाव आधी मुलांच्या पहिल्या हजार लोकप्रिय नावांत आलं, मग काही वर्षांतच मुलींच्याही. कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोअन विल्यम्स पुरुष, अभिनेत्री रोअन ब्लँचर्ड मुलगी. आपल्या 'किरण'चं कुठे अडतं? माझ्या नातीच्या वर्गात दोन रोअन आहेत, एक मुलगा, एक मुलगी.

---

काका, काकू, मनापासून आभार. दोन्ही पत्रं आईला फोनवर वाचून दाखवली. रोहिणीचं ऐकून ती क्षणभर गप्प झाली. तिच्या आजीचं नाव रोहिणी होतं, मला माहीतच नव्हतं. मुलगी झाली तर रोअन रोहिणी, मुलगा झाला तर रोअन रोहित. बारशाला आई येतेय.